एल्लव्वाचं बाळ कुठंय? (चौदा भाग टाकून झाल्यावर पडलेला पेच)

पूर्वभागवाली

नमस्कार मंडळी. मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

मी सोलापूरची. युनिफॉर्म शिवायच्या एका कारखान्यात हिशेब बघते आणि जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर फॅनफिक लिहिते, म्हणजे दुसऱ्या लेखकाची पात्रं घेऊन आपली गोष्ट. मराठीत, शेरलॉक होम्सच्या जगातली. खरं तर होम्सवर नाहीच, डॉ. वॉटसनच्या बायकोवर. मेरी मॉर्स्टन. 'साइन ऑफ फोर' या होम्सच्या कादंबरीत ती येते तेव्हा सत्तावीस वर्षांची असते. आई नाही. बाप हिंदुस्थानातल्या पलटणीत कॅप्टन, त्यानं तिला लहानपणीच विलायतेला धाडलेलं. पलटण कुठली, तर चौतिसावी बॉम्बे इन्फन्ट्री. ते वाचलं आणि मी पुस्तक मिटून तशीच बसले. मुंबई इलाख्याची पलटण! त्या काळात आपल्या सोलापुरातही छावणी होतीच की. मग मेरीचं लहानपण इथं गेलं नाही असं मूळ लेखकानं, कॉनन डॉइलनं, कुठं सांगितलंय?

झालं, लिहायला घेतलं. छावणीतला बंगला, मेरीची आई बाळंतपणात गेलेली, आणि मेरीला सांभाळणारी एल्लव्वा. आमच्यासारखीच, पद्मशाली साळ्याच्या घरातली, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलणारी. मेरीला 'बिड्डा' म्हणते. मेरी सहा वर्षांची असताना मुंबईची गाडी, मग जहाज, मग एडिंबराची शाळा. पुढं लंडनमध्ये वॉटसनशी लग्न झाल्यावरही औषधाचे थेंब मोजताना तिच्या तोंडून 'ओकटि, रेंडु, मूडु' निघतं. वॉटसन विचारतो ही कुठली भाषा. ती म्हणते, 'आकड्यांची.' हा प्रसंग माझा लाडका आहे, कुणी काही म्हणा.

आता कमेंट. तिसऱ्या भागापासून 'होम्स कधी येणार' चालू आहे. त्याची सवय झाली. एकीचं म्हणणं की वॉटसन आणि मेरीचा संसार फार सोलापुरी झालाय, लंडनमध्ये कोण नवऱ्याला 'जेवला का' विचारतं? (मी विचारते. मेरीनं का विचारू नये?) दुसऱ्या एका आयडीला ही जोडीच नको आहे, वॉटसनची खरी जोडी होम्सशीच, मेरीला लवकर मारा म्हणे. तिसरी म्हणते मेरीला मारलं तर मी वाचणं सोडते. या दोघी माझ्या कथेखाली एकमेकींशी अशा भांडतात की नळावर बरं. मला त्याचं काही वाटत नाही. मे-जूनमध्ये कारखान्यात सीझन असतो, अपडेट बंद, तेव्हा तर शिव्याच येतात.

पण चौदाव्या भागाखाली एक कमेंट आली. साधीच. 'एल्लव्वा मेरीवर जीव टाकते ते छान लिहिलंय. पण दुसऱ्या भागात तुम्ही म्हटलंय की अंगावर दूध होतं म्हणून तिला कामावर घेतलं. मग तिचं स्वतःचं बाळ कुठंय?'

मी कारखान्यात बिलं फाडत होते. हातातलं बिल बुक तसंच राहिलं. चौदा भाग, दीड वर्ष, आणि मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. दूध आहे म्हणजे बाळ आहे. दोन लेकरांची आई आहे मी, मला कळायला नको?

तर प्रश्न असा. जुने भाग गुपचूप दुरुस्त करू का? की पुढं कुठंतरी एक परिच्छेद घालून मोकळी होऊ? आणि मुळात वाचकांच्या सांगण्यावरून पात्रांची नाती किती हलवायची? जोडीवाल्यांना मी भीक घालत नाही, मग हिचंच का ऐकायचं?

किरकिऱ्या

तुमची कथा वाचतो. कमेंट करत नव्हतो कारण माझ्या कमेंटनं लोक दुखावतात. विचारलंच आहे तर सांगतो.

पाचवा भाग, साल १८६५. 'गिरणीचा भोंगा झाला तशी एल्लव्वा उठली.' कुठली गिरणी? आपली जुनी गिरणी १८७७ ची, आणि गावातली पहिली तीच. त्याआधी भोंगा कोण वाजवत होतं?

नववा भाग. मेरी १८६७ ला निघते आणि जहाज सुएझ कालव्यातून जातं. कालवा १८६९ ला उघडला. त्याआधी सुएझला उतरून आगगाडीनं अलेक्झांड्रिया गाठायचं आणि तिथं दुसरं जहाज धरायचं. सोलापुरातून रेल्वेनं निघाली ते मात्र बरोबर, गाडी आपल्याकडं १८६० लाच आलीय.

बाळाचं म्हणाल तर तीही चूकच आहे, पण भोंग्यासारखी नाही. भोंगा काढला की निघाला.

दोनशेएकवीस_बी_विजापूर_रोड

मेरीला लवकर मारा म्हणणारा आयडी माझाच. 😬 आणि मी बाई नाही, मुलगा आहे. त्यामुळं 'नळावर बरं' हे मी अर्धंच घेतो.

ताई, मी जे मागतो ते माझ्या हौसेसाठी मागतो. तुम्ही दिलंच पाहिजे असं नाही. होम्सच्या बापालाही हे चुकलं नाही. १८९३ ला त्यानं होम्सला धबधब्यात ढकललं, आणि लोकांनी त्याला इतकं भंडावलं की १९०१ ला जुन्या काळातली म्हणून एक लांब गोष्ट लिहिली आणि १९०३ ला त्याला सरळ जिवंतच केलं. मधल्या काळात विल्यम जिलेट नावाचा अमेरिकन नट होम्सवर नाटक बसवत होता. त्यानं तार करून विचारलं, होम्सचं लग्न लावू का? उत्तर काय गेलं, तर लावा, मारा, काय वाटेल ते करा. म्हणजे पात्रं मोकळी सोडून दिलेलीच आहेत, तुम्हालाही आणि मलाही.

आणि मेरीबद्दल माझा राग तिच्यावर नाही. मूळ लेखकानं तिला काय दिलं? होम्स परत येतो त्या गोष्टीत वॉटसनच्या 'दुःखद वियोगा'चा एका वाक्यात उल्लेख, संपली बाई. नावही नाही. एका गोष्टीत तर ती स्वतःच्या नवऱ्याला 'जेम्स' म्हणते, त्याचं नाव जॉन असताना! लेखक विसरला. पुढं डोरोथी सेयर्स या इंग्लिश रहस्यकथा लेखिकेनं त्यावर तोड काढली: जॉन एच. वॉटसन, त्यातला एच म्हणजे हेमिश, आणि हेमिश म्हणजे स्कॉटिश जेम्स. म्हणजे ते बायकोचं लाडाचं नाव. लेखकाच्या विसरण्यातून एका वाचणारीनं नवरा-बायकोचं नातं उभं केलं, बघा. तुमचं बाळही तसंच आहे. तुम्ही विसरलात, वाचणारीनं शोधलं.

तरी वॉटसनची जोडी होम्सशीच. 🙏

बार्शीलाईट

मी निवृत्त शिक्षक, वय एक्काहत्तर. अगं-तुगं करतो, राग मानू नकोस.

फॅनफिक हा शब्द मला नातीकडून कळला. पण आपल्याकडं महाभारतावर दुसरं काय चाललंय इतकी वर्षं? कीर्तनात, तमाशात, नाटकात, जो तो आपल्या मनातला कर्ण आणि आपल्या मनातली द्रौपदी उभी करतो.

तुझ्या एल्लव्वावरून मला लाक्षागृह आठवलं. पांडव भुयारातून निसटले. आग विझल्यावर राखेत सहा देह सापडले, एक बाई आणि पाच पुरुष. लोकांना वाटलं कुंती आणि तिचे लेक गेले. ती होती एक निषाद बाई आणि तिचे पाच मुलगे. जेवायला आले होते, पिऊन तिथंच झोपले. कथेला सहा प्रेतं हवी होती, तेवढ्यापुरते ते आले. शाळेत हा भाग शिकवताना एका पोरीनं विचारलं होतं, 'सर, त्यांचं नाव काय?' मी म्हणालो, दिलेलं नाही. पुढं काय बोलावं ते सुचलं नाही, धडा पुढं नेला. तीस वर्षं होऊन गेली त्याला.

तुला एल्लव्वाचं दूध हवं होतं, बाळ नको होतं. चूक तिथं झाली. आता पहिला मोह होईल तो सांगून ठेवतो: 'तिचं बाळ जन्मताच गेलं होतं' असं लिहून मोकळी होशील. करू नकोस. ते सोयीचं आहे. बाळ गेलं, माया उरली, ती मेरीला मिळाली, हिशेब चुकता. तू हिशेब बघतेस ना? इतका सरळ जुळलेला हिशेब बघून तुला संशय येत नाही?

जुने भाग बदलू नकोस. वाचणारीनं जिथं बोट ठेवलं तिथूनच पुढं लिही.

डेव्हनपोर्टचा_पाहुणा

मूळ सोलापूर, आता कामानिमित्त इंग्लंडात. एक माहितीची भर घालतो. साहेबांच्या मुलांबरोबर आया जहाजानं विलायतेला जायच्या, वाटेत मुलं सांभाळायला. काही घरं पोचल्यावर त्यांना तिथंच सोडून द्यायची, परतीचं भाडंही द्यायची नाहीत. अशा बायकांसाठी लंडनमध्ये ऑल्डगेटला आयांचं वसतिगृह होतं, १९०० साली ते हॅकनेला गेलं. एल्लव्वाला मेरीबरोबर पाठवलंत तर पुढं लंडनमध्ये दोघींची भेट घडवता येईल. रडवाल सगळ्यांना.

पूर्वभागवाली

सगळ्यांना उत्तर द्यायला चार दिवस लागले, माफ करा. ऑर्डर होती.

किरकिऱ्या दादा, भोंगा काढला. कालवाही काढला. आमच्या आजोबांची सगळी हयात भोंग्यावर गेली, त्यामुळं तो आपोआप वाजला असणार.

विजापूर रोडवाल्या भावा, नळाचं मागं घेते. हेमिशचं मला माहीत नव्हतं, ते मी चोरणार.

पाहुणे, भेट नाही घडवणार. सुचवलंत ते भारी आहे, माझ्याही डोळ्यांसमोर आलं. ऑल्डगेटची खोली, थंडी, मेरी दारात. पण एल्लव्वा गेली असती तर तिचं बाळ पुन्हा मागंच राहिलं असतं, आणि मी पुन्हा मेरीच्याच मागं गेले असते.

सर, तुमचं वाचल्यावर सांगायला लाज वाटते, पण 'बाळ जन्मताच गेलं' हे मी लिहून ठेवलं होतं. नोट्समध्ये. सात ओळी. खोडले.

मग जे झालं ते सांगते. एल्लव्वा मी कुठून आणली ते मला माहीत होतं. ती माझी अम्मम्मा, आईची आई. विड्या वळायच्या आधी ती रेल्वे लाईन्सला एका साहेबांच्या बंगल्यात पोर सांभाळायला होती. म्हातारपणीसुद्धा त्या पोराचं कौतुक सांगायची, तो पहिल्यांदा चालला कसा, दूध नको म्हणून वाटी कसा उडवायचा. आम्ही नातवंडं ऐकत बसायचो. ते ऐकूनच एल्लव्वा लिहिली. पण त्या वेळी माझी आई कुठं होती, हे मी अम्मम्माला विचारलं नाही आणि आईलाही नाही.

रविवारी विचारलं. आई सूप मांडीवर घेऊन बसली होती. वय झालं तरी रोज थोड्या वळतेच, हाताला चैन पडत नाही म्हणते. मी म्हटलं, अम्मम्मा बंगल्यावर जायची तेव्हा तू कुठं असायचीस?

'घरी. अक्काजवळ.' पान कापलं, तंबाखू भरली, वळली, दोरा गुंडाळला. 'दुपारी अक्का भाकरी द्यायची, शेंगाची चटणी लावून.'

मी म्हटलं, वाईट नाही वाटलं कधी?

'कशाचं?' आणखी एक वळली. मग म्हणाली, 'अव्वा संध्याकाळी यायची ना, तिच्या पदराला पावडरीचा वास यायचा. त्या पोराच्या. तसला वास आपल्या घरात कुठं? मला लई आवडायचा. मी पदरात तोंड घालूनच झोपायचे. अव्वाला वाटायचं, पोरगी दिवसभर वाट बघून बिलगली.'

आणि हसली. खरंच हसली, तोंडाला पदर लावून. मग पंचवीसचा कट्टा बांधला आणि मला म्हणाली, काय लिहूलालीस गं तू मोबाईलवर, मघापासून?

तर एल्लव्वाला मुलगी आहे. नरसू. मेरीपेक्षा पाच महिन्यांनी मोठी, आजीकडं शेळीच्या दुधावर वाढलेली, मागाच्या खड्ड्याशेजारी. मेरी गेल्यावर एल्लव्वा घरी परत येते तेव्हा नरसू सहा वर्षांची आहे आणि आईला नीट ओळखत नाही. ती जवळ येते ते आईचा पदर हुंगायला. चार-सहा धुण्यांत तो वास जातो. पुढं दोघी एकमेकींशी काय बोलतात ते मला अजून माहीत नाही. त्यात होम्स नाही, वॉटसन नाही, मेरीसुद्धा नाही. निम्मे वाचक जातील.

ज्यांनी ती कमेंट केली त्यांचा आयडी नुसते आकडे आहेत. दोनदा उत्तर लिहिलं, त्या परत आल्या नाहीत. इथं वाचत असाल तर पंधरावा भाग रविवारी रात्री टाकतेय. सोळावा मात्र सीझन संपल्यावरच, शिव्या आधीच देऊन ठेवा.