मदत हवी आहे: ओजीआर_एफडीडब्ल्यूच्या बाह्य तक्त्याशी जोडणी करताना भौगोलिक गाळणी लागू होत नाही

नमस्कार. आमच्या पोस्टग्रेस विदागारात (डेटाबेसमध्ये), पोस्टजीआयएस या भौगोलिक माहितीसाठीच्या विस्तारासह, सुमारे १८०० विहिरींचे बिंदू आहेत. शेतजमिनीच्या गटांच्या सीमा मात्र एका जिओपॅकेज (भौगोलिक माहिती साठवणाऱ्या) फाइलमध्ये असून ती मी ओजीआर_एफडीडब्ल्यूने, म्हणजे ओजीआर या भौगोलिक फाइली वाचणाऱ्या साधनाला पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या विस्ताराने, बाह्य तक्ता म्हणून जोडली आहे. फाइल सर्व्हरवरच आहे, पोस्टग्रेसच्या वापरकर्त्याला ती वाचता येते, दोन्हीकडे एसआरआयडी (निर्देशांक-प्रणालीचा क्रमांक) ३२६४३ आहे आणि फाइलमध्ये आर-ट्री हा भौगोलिक शोध जलद करणारा निर्देशांकही (इंडेक्स) आहे, म्हणून या शक्यता कृपया बाजूला ठेवाव्यात.

प्रश्नात (क्वेरीत) थेट चौकट, म्हणजे शोधाची आयताकृती सीमा, लिहून && (चौकटी एकमेकींना छेदतात का हे तपासणारी क्रिया) चालवले की उत्तर क्षणात येते आणि संदेशपातळी डीबग१ केल्यावर ती चौकट ओजीआरकडे गेलेली स्पष्ट दिसते. तीच चौकट विहिरींच्या तक्त्यातून, एसटी_एक्स्पांड(वि.भूमिती, ५०) अशी (विहिरीच्या बिंदूभोवती ५० मीटर वाढवून) घेतली, की गाळणीची ती ओळ दिसेनाशी होते, सगळे गट आत ओढले जातात आणि काही मिनिटे जातात. लॅटरल जोडणी (प्रत्येक ओळीसाठी उपप्रश्न वेगळा चालवणारी) करूनही फरक पडला नाही. मटेरियलाइज्ड व्ह्यू (गटांची विदागारात साठवलेली प्रत) आणि त्यावर जिस्ट हा भौगोलिक निर्देशांक केल्यावर वेग उत्तम मिळाला; परंतु दुसरा विभाग ती फाइल दिवसातून अनेकदा बदलतो आणि जुन्या सीमेवरून विहीर चुकीच्या गटात दाखवणे आम्हाला मुळीच चालणार नाही.

तर प्रत्येक विहिरीची चौकट स्थिर मूल्य म्हणून बाहेर पाठवण्यासाठी पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या प्रोग्रामिंग भाषेत एक्झिक्यूटचे (मजकूर म्हणून तयार केलेला प्रश्न चालवणाऱ्या आज्ञेचे) आवर्तन लिहिणे हाच मार्ग आहे, की जोडणीतूनच ती गाळणी ओजीआरपर्यंत पोहोचवता येते?