तिशीत कुस्ती शिकायची आहे: माती की मॅट, आणि सुरुवात कशी करावी?

हिंजवडीकर:
नमस्कार मंडळी. वय ३१, वजन ८२, दिवसभर खुर्चीत बसून काम. जिमला जातो, वजनं बऱ्यापैकी उचलतो, पण दम नाही. घराजवळ जुनी तालीम आहे, संध्याकाळी पोरं लढत असतात. वस्तादांना विचारलं तर म्हणाले, "या सोमवारपासून, लंगोट घेऊन या." स्पर्धा खेळायच्या नाहीत, पण कुस्ती नीट शिकायची आहे.

विचारायचं असं: या वयात मातीत उतरावं की मॅटचं केंद्र शोधावं? पहिल्या तीन महिन्यांत काय करायचं? तिथली पोरं हजार-हजार बैठका मारतात म्हणे, ते ऐकूनच पोटात गोळा येतो. सामान काय घ्यावं? एक-दोघांच्या अंगावर गजकर्णाचे चट्टे दिसले, त्याचं काय? उजव्या गुडघ्यात जिना उतरताना अधूनमधून कळ येते. आणि खुराक! आईनं ऐकल्या ऐकल्या तुपाचा डबा आणून ठेवलाय.

वारणाकाठ:
सोमवारी लंगोट राहू द्या. नुसते जाऊन कट्ट्यावर बसा आणि सगळा सराव बघा. लढती चालू असताना वस्ताद हौद्याच्या, म्हणजे लढायच्या मातीच्या खड्ड्याच्या, कडेला उभे असतात की फोनवर? नवीन पोराला कोणाशी लावतात? चौदा वर्षांच्या पोराला जाणता गडी नुसता आपटतोय आणि कोणी हटकत नाही, असं दिसलं तर दुसरी तालीम शोधा. मग माती हातात घ्या. मूठ आवळली की गोळा व्हावा आणि बोटानं दाबला की फुटावा, एवढी ओल हवी. धुरळा उडत असेल तर माती रोज उकरली-शिंपली जात नाही असं समजा; वरून भुसभुशीत दिसली तरी ती खाली घट्ट बसलेली असते आणि पडल्यावर ते पाठीला कळतं. नांदत्या तालमीत लढतीआधी हौदा फावड्यानं खोल उकरतात, अधूनमधून तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर, काव घालतात. उकरायचं काम नवीन माणसाकडे येतं. त्यात कमीपणा मानू नका, कंबर आणि मनगटाला अशी मेहनत जिममध्ये मिळत नाही.

हजार बैठका विसरा. लहानपणापासून चढवत नेलेल्या आकड्याशी तुमचा संबंध नाही. पहिल्या आठवड्यात १० जोरांच्या तीन फेऱ्या आणि २० बैठकांच्या तीन फेऱ्या. पुढं दर आठवड्याला फेरीमागे २ जोर आणि ५ बैठका वाढवा. बाराव्या आठवड्यात शंभराच्या आसपास जोर आणि सव्वादोनशे बैठका होतात. हौशी माणसाला तेवढं पुष्कळ झालं. जोर मारताना कंबर आधी मागे वर जाते, मग छाती जमिनीजवळून पुढं निघते आणि शेवटी मान वर. घाईत मारलात की खांदे पुढून दुखायला लागतात, कारण छातीऐवजी सगळा भार खांद्याच्या सांध्यावर येतो.

पहिले तीन आठवडे पडायला शिका. यावर तडजोड नको. आधी उकिडवं बसून मागे लोळायचं: हनुवटी छातीला चिकटलेली, पाठ गोल, दोन्ही हात अंगापासून साधारण ४५ अंशांवर, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही तळवे मातीवर जोरात आपटायचे, श्वास सोडत. ते जमलं की उभ्यानं, मग दोन्ही कुशींवर, मग ओणव्या जोडीदारावरून. मोठ्या वयात शिकणारा माणूस पडताना हटकून हात मागे टेकवतो. तिथंच मनगट जातं, कोपर निखळतं, नाहीतर गळ्याचं हाड मोडतं. ही सवय तुटेपर्यंत कोणी कितीही चिथावलं तरी लढत घेऊ नका.

रोज मान. गुडघे आणि तळवे टेकून कपाळ मातीवर ठेवा, हाताचा आधार तसाच असू द्या आणि हळूहळू पुढं-मागं १० वेळा, डावी-उजवीकडं १० वेळा डोलवा. हात सोडून मानेचा पूल बांधायची घाई तीन-चार महिने तरी नको. आधीच हाताला मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अजिबात नको.

मग पवित्रा, म्हणजे उभं राहायची ढब, आणि खडाखडी, म्हणजे पकडीसाठी हातांची झटापट. एक पाय पुढं, गुडघे वाकलेले, कोपरं बरगड्यांना लागून, नजर समोरच्याच्या छातीवर. जिमच्या गड्याची एक ठरलेली चूक असते: मान धरली की तो सगळ्या ताकदीनं आवळतो आणि श्वास कोंडून धरतो. पाऊण मिनिटात हात भरून येतात आणि मग कोणीही येऊन पाडतं. पकड सैल ठेवायची, फक्त खेचायच्या क्षणी आवळायची.

तीन महिन्यांत डाव तीनच: दुहेरी पट (दोन्ही पाय धरून पाडणं), एकेरी पट (एकच पाय धरून) आणि खाली सापडल्यावर निसटायची एखादी तोड. ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे उचलून फेकायचे डाव बघायला देखणे आहेत, पण अर्धवट बसलेल्या ढाकेत दोन माणसांचं वजन एकाच खांद्यावर येतं.

सामान थोडंच. सुती लंगोट दोन, म्हणजे एक वाळत घालता येतो. वरून जाड कापडाचा जांघ्या. तो कुठला शिंपी शिवतो ते तालमीतली पोरंच सांगतील. लंगोटाची गाठ बाजूला घ्या, मणक्यावर आली तर पाठीवर पडताना रुतते. नखं रोज बघा. अंगठी, गंडा, करदोडा घरी.

खुराकाचं सांगायचं तर दिवसाला दोन वेळा तीन-तीन तास घाम गाळणाऱ्याचा खुराक आठवड्याला चार दिवस दीड तास येणाऱ्यानं खाल्ला की पोट सुटतं. तूप जेवणात दोन चमचे, बास. प्रथिनं दर किलो वजनाला दीड ग्रॅमच्या आसपास धरा, तुमच्या वजनाला १२० ग्रॅम. चार अंडी २४, अर्धा लिटर दूध १६, १०० ग्रॅम पनीर १८, ५० ग्रॅम कोरडे सोयाबीन वडे २५, बाकी डाळी-उसळी आणि भाकरीतून. थंडाई हवीच असेल तर १५ भिजवलेले बदाम, चमचाभर खसखस, बडीशेप, चार मिरी, वेलदोडा कुंडीत घोटा, साखर नाममात्र. "ताकदीचं इंजेक्शन" कोणी पुढं केलं तर तिथून उठा. त्यात बहुधा मेफेंटरमाइन असतं. ते रक्तदाब खाली गेलेल्या रुग्णाला द्यायचं औषध आहे, ठोके आणि दाब दोन्ही वर नेतं, आणि स्पर्धेत बंदी असलेल्या यादीत आहे.

हाडवैद्य_नव्हे_डॉक्टर:
वरच्या उत्तराला पूर्ण दुजोरा. माझ्याकडून चार गोष्टी.

बैठकांचा अतिरेक हा नुसता अंगदुखीचा विषय नाही. सवय नसताना ईर्षेनं तीनशे-चारशे मारल्या की मांडीचे स्नायू फुटून त्यातला घटक रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या टणक सुजल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर शेक-मालिश करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

गजकर्ण बुरशीमुळे होतं, अंगाला अंग लागून आणि एकमेकांच्या टॉवेल-जांघ्यातून पसरतं. हळद घातलेल्या मातीनं ते बरं होतं हा समज सोडा. सरावानंतर अर्ध्या तासाच्या आत साबणानं आंघोळ, जांघा कोरड्या पुसणं, लंगोट रोज धुऊन उन्हात. कडा लाल आणि मध्ये फिकट असा गोल चट्टा दिसला की सराव बंद आणि त्वचारोगतज्ज्ञ. औषधाच्या दुकानातून मिळणारी "तीन औषधं एकत्र" मलमं लावू नका. त्यात स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत पसरते आणि मग महिनोन्‌महिने जात नाही. चट्टे असलेल्या पोराशी लढायला नाही म्हणा, वस्ताद रागावले तरी.

कान. घासून किंवा दाबून कानाची पाळी मऊ, फुगीर झाली तर कुर्चा (कानातलं मऊ हाड) आणि तिच्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठलेलं असतं. कुर्चेला रक्तपुरवठा त्या आवरणातूनच होतो, म्हणून ती आतल्या आत मरते आणि कान कायमचा गाठाळ होतो. एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून रक्त काढून दाबपट्टी बांधून घेतली तर कान वाचतो. घरी सुई खुपसू नका. मोडलेला कान पैलवानकीची खूण म्हणून मिरवायचा असेल तर तुमची मर्जी.

धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली? दहा वर्षं उलटून गेली असतील तर मातीत उतरण्याआधी घ्या. गुडघ्याचं म्हणाल तर जिना उतरताना कळ येणं बहुतेक वेळा वाटीमागच्या भागातून असतं. सुरुवातीला बैठक खुर्चीच्या उंचीपर्यंतच आणि टाचा टेकलेल्या. गुडघा अडकत असेल, सुजत असेल किंवा दगा देत असेल तर आधी तपासणी, मग तालीम.

नऊ_मीटर:
मॅटची बाजू कोणीतरी मांडायला हवी. वय आणि नोकरी बघता मी मॅट सुचवीन. ठरलेली बॅच असते, तंत्र तुकड्या-तुकड्यानं शिकवतात, आणि माती कशी असेल त्यावर पाठ अवलंबून राहत नाही. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला सहावे आले, तेव्हा मॅट त्यांना नवीच होती. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य आणलं ते तिची सवय झाल्यावर. म्हणजे आधी माती आणि मग मॅट हा रस्ताही सोपा नसतो. मातीत जांघ्या धरून ओढता येतं, मॅटवर पोशाख धरला की पंच हटकतो. मातीत गडी जरा ताठ उभा राहतो, मॅटवर तसा राहिलात तर पाय गेलाच.

खर्च वाढतो तो बुटांचा. कुस्तीचे घोट्याच्या वर येणारे पातळ तळाचे बूटच हवेत, पळायचे नकोत. मऊ गुडघापट्टीही घ्या.

बहिणी-मुलींसाठी विचारणाऱ्यांना: बऱ्याच जुन्या तालमींत अजूनही मुलींना हौद्यात घेत नाहीत, मॅटच्या केंद्रात मुलींच्या वेगळ्या बॅच मिळतात. आधी फोन करून महिला प्रशिक्षक आहेत का ते विचारा.

वारणाकाठ:
नऊ मीटर, बाकी मान्य, पण यांचा गुडघा बघता मी मातीच म्हणेन. बूट मॅटला चिकटतो, पाऊल जागेवर राहतं आणि अंग वळतं. पीळ सगळा गुडघ्यात. मातीत अनवाणी पाऊल सरकतं. हौदा रोज उकरला जात असेल ही अट मात्र आहेच. तसं नसेल तर तुमचंच खरं, मॅटवर जावं.

हिंजवडीकर:
सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. सोमवारी बघायला जातो. लसीचं तर डोक्यातच नव्हतं.

पेठेतला_नवखा:
इथंच विचारतो. दुहेरी पट काढायला गेलो की दर वेळी समोरचा वरून मान दाबतो आणि मी तोंडघशी. ताकद कमी पडते का?

वारणाकाठ:
ताकदीचा दोष नाही, तुम्ही लांबून निघताय आणि कमरेत वाकताय. वाकलं की डोकं त्याच्या छातीखाली आपोआप जातं. त्यानं पाय मागे फेकून कमरेचा भार तुमच्या मानेवर टाकला की संपलं.

हाताच्या अंतरावर येईपर्यंत निघायचंच नाही. खडाखडीत त्याचं मनगट किंवा मान खाली खेचा. तो प्रतिक्रियेनं वर उठतो, तोच क्षण. कंबर न वाकवता गुडघ्यात बसा, पाठ सरळ. पुढचं पाऊल त्याच्या दोन पायांच्या मध्ये, गुडघा मातीला निसटता लागून पुढं. तुमचा कान त्याच्या बरगड्यांना बाहेरून चिकटलेला आणि नजर वर. नजर खाली गेली की पाठ वाकलीच. दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांमागे, कोपरं आत, बोटं एकमेकांत न गुंतवता. मग मागचा पाय पुढं आणून डोक्यानं बाजूला रेटत तिरकं चालायचं. सरळ पुढं ढकललंत तर तो पाय मागे टाकत राहील, तिरकं गेलात की त्याचे पाय एकमेकांत येतात.

मध्येच मान सापडली तर खेचून सोडवायला जाऊ नका, गळा आणखी आवळला जातो. त्याच्या कोपराला खालून धरून वर रेटा, डोकं त्याच बाजूनं बाहेर काढा आणि पवित्र्यात या. आठवडाभर जोडीदाराला नुसतं उभं करून पहिलं पाऊल आणि गुडघा एवढंच करा, दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा. पाय धरायचे ते त्यानंतर.