कॉश क्ष मध्ये कोन कुठे आहे?

अर्धा_स्केअर विचारतात:

कॉश क्ष (हायपरबोलिक कोसाईन) = (ई^क्ष + ई^−क्ष)/२ ही व्याख्या पाठ आहे, पण डोक्यात बसत नाहीये. यात कोन कुठेच दिसत नाही, मग कोसाईनचं नाव कशाला? आलेख तर मला पॅराबोलाच वाटतो. कॉश क्ष = २ सोडवलं की माझं एकच उत्तर येतं, पुस्तकात ±१.३१७ आहे. वर कॅल्क्युलेटर कॉश १ = ०.९९९८ दाखवतोय!

अपास्त:

आधी कॅल्क्युलेटर. ०.९९९८ हे १ अंशाचं साधं कॉस आहे, म्हणजे ‘हायप’ (हायपरबोलिक) बटण लागलेलंच नाही. ते दाबून बघा, १.५४३१ येईल, मशीन डिग्रीत असो की रेडियनमध्ये, कॉशला फरक पडत नाही.

आणि हे उत्तर चुकलंय हे बघताक्षणी कळायला हवं. ई^क्ष आणि ई^−क्ष एकमेकांचे व्यस्त आहेत. धन संख्या आणि तिचा व्यस्त यांची बेरीज २ पेक्षा कमी होत नाही, म्हणून वास्तव क्ष साठी कॉश १ च्या खाली उतरत नाही. बरोबर १ फक्त क्ष = ० ला. क्ष चं चिन्ह बदललं तर दोन्ही पदं नुसती जागा बदलतात, बेरीज तीच. म्हणून हे सम फलन. तुमचं हरवलेलं उत्तर इथेच आहे. ई^क्ष = य धरा: य² − ४य + १ = ०, य = २ ± √३. यातलं २ − √३ = ०.२६८ हे लहान आहे म्हणून तुम्ही सोडून दिलं असणार, पण तेही धन आहे. त्याचा नैसर्गिक लॉग −१.३१७.

आता नाव. (कॉस ट, साईन ट) हा बिंदू क्ष² + य² = १ या वर्तुळावर फिरतो; (कॉश ट, सिन्ह ट) हा क्ष² − य² = १ या हायपरबोलाच्या उजव्या शाखेवर, सिन्ह ट म्हणजे (ई^ट − ई^−ट)/२. वर्तुळात ट म्हणजे कोन, हे खरं. पण त्या कोनाच्या पाकळीचं क्षेत्रफळ ट/२ असतं. हायपरबोलावरही केंद्र, शिरोबिंदू आणि तुमचा बिंदू यांमधल्या पाकळीचं क्षेत्रफळ ट/२ च भरतं. तेव्हा ट ला कोन न समजता दुप्पट क्षेत्रफळ समजा, म्हणजे दोन्हीकडे अर्थ एकच राहतो.

शेषपद:

पॅराबोलाचा भास शून्याजवळच होतो, कारण मालिका अशी आहे: १ + क्ष²/२ + क्ष⁴/२४ + … पहिली दोन पदं म्हणजे पॅराबोला. क्ष = १ ला तो १.५ देतो, कॉश १.५४३. क्ष = ३ ला ५.५ विरुद्ध १०.०६८, तिथे भास संपला. पुढे ई^−क्ष नगण्य होतं आणि कॉश जवळपास ई^क्ष/२ सारखा पळतो.

अर्धा_स्केअर:

१.५४३१ आलं, आभार! कॉश चं डेरिव्हेटिव्ह −सिन्ह ना?

अपास्त:

नाही, +सिन्ह. त्रिकोणमितीतून उचललेल्या सवयीची ही हमखास चूक. सूत्रांपुरता ऑस्बर्नचा नियम वापरा: दोन साईनचा गुणाकार आला की चिन्ह उलटवा. कॉस²+साईन² = १ चं कॉश²−सिन्ह² = १ होतं. हा नियम डेरिव्हेटिव्हला मात्र लावू नका, तिथे व्याख्येतूनच करा.

शेषपद:

प्रोग्राम लिहिणार असाल तर: कॉश क्ष − १ लहान क्ष साठी थेट वजा करू नका, अंक उडतात. २ सिन्ह²(क्ष/२) घ्या, किंमत तीच. आणि ६४ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट संख्यांत क्ष ७१० च्या थोडं पुढे गेलं की कॉश ‘अनंत’ होतो.

झोळ:

पॅराबोलाची चूक खऱ्या दोरीवर बघा. गॅलिलिओने लोंबत्या साखळीची पॅराबोलाशी तुलना केली होती; नेमका वक्र १६९१ मध्ये हायगेन्स, लायब्निट्स आणि योहान बेर्नुली यांनी काढला: य = अ कॉश(क्ष/अ), अ हा वक्राचा आकार ठरवणारा स्थिरांक.

एकाच उंचीवरच्या दोन टोकांत २० मीटर अंतर, मधला झोळ ४ मीटर. अ हवा. पॅराबोलाने (झोळ = क्ष²/(२अ), क्ष = १०) १००/(२×४) = १२.५ येतो, पण तो कॉश मध्ये टाकला की झोळ ४.२२ निघतो. अ वाढवत न्या, १३.१२ ला झोळ ४.०० बसतो. दोरीची लांबी २ अ सिन्ह(१०/अ), म्हणजे २१.९९ मीटर. ताण तर आणखी सोपा: दर मीटरचं वजन गुणिले य. तळाशी य = १३.१२, टोकाला १७.१२. य मात्र तळापासून मोजू नका. शून्य तळाच्या अ मीटर खाली असतं.