बाबांची जुनी कॅम्पर व्हॅन: खर्च करू की नाद सोडू? (सल्ला हवा)

भटकभवानी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज धागा काढतेच.

आमच्याकडे १९७३ची फोक्सवॅगन टाइप २ आहे. पुढे एकच मोठी वळलेली काच असते ती, बे-विंडो. मागे १६०० सीसीचं हवेवर थंड होणारं इंजिन, आणि छत वर उचललं की मधे कापड ताणलं जातं. बाबांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा मी तिसरीत होते. मी आणि भाऊ छतात, आईबाबा खाली. रात्री कोणी कूस बदलली की अख्खी गाडी हलायची.

गेली ६ वर्षं ती ताडपत्रीखाली उभी आहे. बाबांच्याने आता चालवणं होत नाही, त्यांनी किल्ली माझ्याकडे दिलीय. गॅरेजवाल्याने जो आकडा लिहून दिला, तो गाडी चकाचक करून विकली तर जेवढे येतील त्याच्या दीडपट आहे. नवऱ्याने कागद वाचला, नीट घडी घातली आणि परत माझ्या हातात दिला. बोलला काहीच नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

सुरुवात कुठून करू? इंजिन, पत्रा की आतलं लाकूडकाम? सगळी एकदम खोलून करावी की तुकड्यातुकड्याने? यातलं घरी काय जमेल? "विकून टाका" सोडून काहीही सांगा.

व्यवहारी_राजा

सोडून म्हणालात तरी सांगतो: विकून टाका. :) वर्षातून तीनदा फिरायला जाणार असाल तर दर वेळी भाड्याने नवी कॅम्पर घ्या. तिला हीटर असतो, ब्रेक लागतात, आणि बिघडली तर दुसऱ्याची असते. दीडपट खर्च करून कमी किमतीची वस्तू हातात येणं याला व्यवहार म्हणत नाहीत. हलके घ्या.

भटकभवानी

@व्यवहारी_राजा, हिशोब बरोबर आहे तुमचा. व्यवहार म्हणून करतच नाहीये. घरात पियानो असतो, कोणी मासे पाळतं, तसं समजा. फक्त पैसे चुकीच्या जागी जाऊ नयेत एवढंच हवंय.

पाना_तेरा

पत्रा. आधी पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन, आणि गाद्या-पडदे सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, कारण गाद्या लगेच दिसतात. मी स्वतः एक बे-विंडो उभी केलीय (साडेचार वर्षं लागली, दीड वर्ष म्हणालो होतो), त्यातून सांगतो.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही. खालच्या पट्ट्या फरशीलाच वेल्ड केलेल्या असतात, म्हणजे बॉडी हाच सांगाडा. दारांखाली दोन्ही बाजूंनी जी लांब पेटी जाते, सिल म्हणतात ती, एकामागे एक पत्रे लावून केलेली असते. बाहेरचा पत्रा छान दिसतो आणि आतला भुसा झालेला असतो. इंजिन बिघडलं तर गाडी थांबेल. सिल गेलं तर गाडी मधे वाकते, सरकतं दार अडकायला लागतं. दार जोर लावून ओढावं लागतंय का, ते आधी बघा.

परीक्षा सोपी आहे. एक चुंबक पातळ कपड्यात गुंडाळा आणि खालच्या भागावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. मग जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली शिरा आणि टोचत जा: जॅक लावायच्या जागा, चाकांच्या कमानी, इंजिनखान्यात बॅटरीचा ट्रे (अ‍ॅसिड ठिबकून हमखास सडतो), पुढच्या काचेच्या रबराखालची कड, छताची पन्हळ. टोचलं आणि आत गेलं तर खडूने गोल करा. सगळे गोल झाले की फोटो काढा आणि मगच गॅरेजवाल्याशी बोला. "लागेल ते करा" असं कुठल्याही मिस्त्रीला म्हणू नका. भागागणिक लेखी आकडा घ्या, आणि पत्रा कापला की आत आणखी सापडतंच, त्यासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा. मी एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे ठेवले होते, तेही पुरले नाहीत.

सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. गंजावर ठिगळ म्हणजे जखम न धुता पट्टी. आणि सिल कापण्याआधी दाराच्या मोकळ्या जागेत आडवे-तिरपे पाइप लावून ती बांधून घ्यायची, नाहीतर वेल्डिंग झाल्यावर दारच बसत नाही. हे माझ्या बाबतीत झालंय. शेवटी पेट्यांच्या आत मेण फवारून घ्या आणि तळाशी पाणी निचरायची छिद्रं असतात ती मोकळी ठेवा. मी एक बाजू मेणाने बुजवली होती, सांगून ठेवतो.

बाकी पत्र्यांची काळजी नको. ब्राझीलमध्ये हे मॉडेल थोडंफार बदलून २०१३ पर्यंत बनत होतं, आणि जुन्या मापाचे नवे पत्रे बनवणारेही आहेत. पेटीतला प्रत्येक तुकडा मिळतो.

ओवी_म

+१. आणि ती ताडपत्री काढा आधी! प्लास्टिकखाली ओल कोंडते. वरून झाकून ठेवलं म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि गाडी खालून सडत जाते.

गरम_इंजिन

पत्र्याचं झालं, आता माझा विषय. :)

६ वर्षं उभ्या असलेल्या गाडीला किल्ली मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाका, रात्रभर राहू द्या आणि सकाळी पाना लावून पुली हाताने फिरवा. सहज फिरली तर पुढे जा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, त्याचं वार्निश झालेलं असतं.

मग पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. सगळे म्हणजे सगळे, वरून धडधाकट दिसले तरी. जुनं रबर तडकतं, त्यात हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मऊ करून खातं. थेंब पडतो गरम इंजिनावर, आणि इंजिन आहे मागे, पाठीशी, म्हणजे ड्रायव्हरला कळतं तेव्हा मागचे लोक हात हलवत असतात. या गाड्या जळतात त्या बहुतेक अशाच. इथेनॉल चालेल असे पाइप घ्या, प्रत्येक टोकाला क्लिप, आणि हाताशी एक अग्निशामक. याच्यात काटकसर नको.

इंजिन स्वतः फार साधं आहे. फक्त अडीच लिटर ऑइल, कागदी फिल्टर नाही, खाली नुसती जाळी. म्हणून ऑइल लवकर बदलावं लागतं, दर ५००० किमीला धरा. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) इंजिन पूर्ण गार असताना ०.१५ मिमीला लावायचे. हे तुम्ही घरी करू शकता, एका दुपारचं काम आहे. तिसऱ्या सिलिंडरकडे जास्त लक्ष द्या. जुन्या इंजिनांत ऑइल कूलर नेमका त्याच्या वाऱ्याच्या वाटेत बसवलेला असे, तिथला व्हॉल्व्ह जळायचा. १९७१च्या सुमारास कूलर बाजूला सरकवला, त्यामुळे तुमच्या गाडीला हा त्रास नसावा. पण पन्नास वर्षांत कोणी इंजिन बदललं असेल तर? नंबर जुळवून बघा.

आणि एक. गाडी चालवताना डायनॅमोचा लाल दिवा लागला तर जागच्या जागी थांबा. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" नाही. डायनॅमो आणि थंड करणारा पंखा एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला म्हणजे हवा बंद. एक जादा पट्टा आणि तो बदलायचा पाना गाडीत कायम. इंजिनभोवतीच्या पत्र्यांची झाकणं आणि रबरी पट्टी शाबूत आहे का तेही बघा. ती नसली की खालची गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते. एकदा इंजिन उतरवलं की लोक हे पत्रे "नंतर लावू" म्हणून कोपऱ्यात ठेवतात, आणि तो कोपरा कुठला ते विसरतात.

चारचाकी_चिंतन

रच्याकने (जाता जाता), इंजिन काढून इलेक्ट्रिक करायचा विचार केलाय का? फोफावलंय सगळीकडे.

गरम_इंजिन

@चारचाकी_चिंतन, वेगळा धागा काढा, तिथे भांडू. :) ही गाडी पाव कापावा तशी चौकोनी आहे, वाऱ्याला भिडते, आणि बॅटरीचं वजन कुठे ठेवणार त्याच सडक्या फरशीवर?

ओवी_म

आतल्या भागाबद्दल. आईच्या हातचे पडदे असतील तर काहीही फेकू नका, आधी सगळं खोलून, पिशव्यांत घालून, चिठ्ठ्या लावा. छताचं कापड फाटलं असलं तरी तेच उसवून, सपाट पसरून त्याचा नमुना करा, नवीन त्याच्यावरून कापता येतं. उन्हात टिकणारा पॉलिएस्टर दोरा घ्या, आणि शिवणींना आतून सील लावा, नाहीतर सुईच्या भोकांतून ठिबकतं. छत ओलं असताना मिटावं लागलंच तर घरी आल्यावर लगेच उघडून वाळवा.

गॅसच्या शेगडीचा पाइप आणि रेग्युलेटर नवीनच. जोडांवर साबणाचं पाणी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच, वरचं भोक कामाचं नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. छोटी जागा, बंद काचा, लहान मुलं.

झोपायच्या भागासाठी वेगळी बॅटरी लावा, म्हणजे सकाळी गाडी चालू होईल. साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्म्याहून जास्त उतरवू नका. बॅटरीपासून निघालेल्या तारेवर अगदी जवळ फ्यूज.

पाना_तेरा

ब्रेकचं राहिलंच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ६ वर्षांत ते नक्की गेलंय. रबरी नळ्या आतून फुगतात, पेडल दाबलं तर ब्रेक लागतो पण सुटत नाही. सगळ्या बदला. मागच्या चाकांच्या जुन्या ब्रेक-शूंमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, धूळ फुंकू नका. टायरवर चार आकडी तारीख असते: २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. तीन आकडी असेल तर तो गेल्या शतकातला टायर आहे, नक्षी कितीही छान असो, त्यावर जाऊ नका.

भटकभवानी

सगळ्यांचे आभार. रविवारी चुंबक घेऊन बसले. डाव्या सिलवर चुंबक सरळ खाली पडलं. टोचलं तर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत, आणि बाहेर काढला तर त्याला पिवळा स्पंज! पेटीत फोम भरलाय, वर लांबी, वर रंग. इतक्या सफाईने की वर्षानुवर्षं कोणाला कळलं नाही.

बाबांना फोन केला. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ते तात्पुरतं होतं."

कधीचं? तर भाऊ सहावीत असतानाचं. भावाचा मुलगा आता सहावीत आहे.

ठरलं असं: या वर्षी फक्त सिल, कमानी, बॅटरीचा ट्रे, ब्रेक आणि पेट्रोलचे पाइप. रंग नाही, गाद्या नाहीत. मग नवऱ्याला एक फेरी मारून आणायची आणि पुढच्या वर्षीचा कागद त्याला गाडीतच द्यायचा.

पाना_तेरा

उत्तम. पण तो फोम सगळा उकरून काढल्याशिवाय त्या जागेजवळ वेल्डिंग करू देऊ नका. पेटतो, आणि धूर विषारी असतो. मास्क लावूनच काढा. शिवाय फोमने ओल धरून ठेवल्याने आतला पत्रा तुम्ही समजताय त्याहून वाईट असेल, आकडा वाढणार हे धरून चला.

आणि वडिलांना गाडीजवळ खुर्ची टाकून बसवा. आणखी कुठेकुठे तात्पुरतं केलंय ते विचारून घ्या, चुंबकाचं काम वाचेल.

भटकभवानी

विचारलं. यादी लिहायला बसलेत. दुसरं पान चालू आहे.