झडपेबरोबर महाधमनीचं मापही बघा
‘हृदयाची झडप नीट उघडतेय, गळती किरकोळ आहे, मग पुन्हापुन्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि बहुतेकांना दर सहा महिन्यांनी इकोची गरज नसते हेही पटतं. पण बायकस्पिड एओर्टिक व्हॉल्व्ह, म्हणजे तीनऐवजी दोनच पाकळ्यांची झडप असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या प्रकारात झडपेच्या वरची महाधमनी, म्हणजे हृदयातून शरीरभर रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनीही रुंद होऊ शकते, अगदी झडप उत्तम चालत असली तरी. माझी झडप अशीच आहे. रिपोर्ट हातात आला की मी गळतीच्या ओळीआधी ‘असेंडिंग एओर्टा’ (महाधमनीचा हृदयातून वर जाणारा भाग) समोरचा मिलिमीटरचा आकडा शोधते आणि मागचा रिपोर्ट शेजारी ठेवून ताडून बघते. एक-दोन मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हातानेही पडतो, तेवढ्याने घाबरू नका. शक्यतो दरवेळी एकाच ठिकाणी इको करा. रक्तदाब मात्र काटेकोर सांभाळा. चालणं, पोहणं बहुतेकांना झेपतं, पण श्वास रोखून जड वजनं उचलण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

आणि हो, हा दोष घराण्यात चालत येऊ शकतो. आईवडील, भावंडं, मुलं यांचा एकदा इको करून घ्या, काही त्रास नसला तरी. माझ्या धाकट्या भावाला कधी साधी धापही लागली नव्हती, त्याचीही झडप दोनच पाकळ्यांची निघाली.