केस फॅनला कर्व्ह कशाला? एका स्पीडवर ठेवा आणि विसरा

निवांत_नाना
पीसी आवाज करतो, फॅन कर्व्ह (किती टेंपरेचरला फॅन किती जोरात फिरवायचा ती रेघ) कसा बनवू, हा प्रश्न इतक्यांदा वाचलाय की आता एकदाच लिहून टाकतो. माझं मत सरळ आहे, केस फॅनला, म्हणजे पीसीच्या डब्यातली हवा बदलणाऱ्या फॅनला, कर्व्ह नकोच. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना डिलीट दाबून उघडतात ती मदरबोर्डची सेटिंग) जा, मॅन्युअल करा, ४० टक्क्यावर आडवी रेघ मारा, सेव्ह, विषय संपला.

कारण सांगतो. माणसाला सतत चालणारा आवाज त्रास देत नाही, चढउतार त्रास देतो. ७०० आरपीएमची (मिनिटाला ७०० फेऱ्या) घूं थोड्या वेळाने कान सोडून देतो, पण ब्राउझर उघडला की वूंऽऽम करून चढतो आणि तीन सेकंदात परत उतरतो ना, तो डोक्यात जातो. आणि चढतो का? तर मदरबोर्डवाल्यांनी डिफॉल्टला केस फॅनसुद्धा सीपीयूच्या टेंपरेचरला बांधून ठेवलेले असतात. रायझन ५ ५६०० हा सीपीयू घ्या, नुसती एक टॅब उघडली तरी ४० वरून क्षणात ६० दाखवतो, ती उष्णता अजून हीटसिंकच्या (सीपीयूवरचा उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) फिन्सपर्यंत पोचलेली पण नसते आणि इकडे पुढचे तीन फॅन धावत सुटतात. केस फॅनचं काम डब्यातली हवा बदलायचं, आणि डब्यातली हवा दोन सेकंदात तापत नाही.

अजून एक, स्पीड निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने पडतो आणि हवा फक्त निम्मी होते. एकाचे तीन सारखे फॅन केले तर वाढतात जेमतेम ५ डेसिबल. म्हणजे तीन फॅन हळू चालवणं हे एक फॅन पळवण्यापेक्षा कधीही परवडतं. बोला आता.

वैदर्भीय_ऊन
नाना तुम्ही पुण्यात बसून सांगून रायले म्हणून ठीक आहे. इकडे नागपूरला या मे महिन्यात. बाहेर ४५, कूलर लावूनही खोलीत ३८. जानेवारीत तीच खोली २० वर असते. डब्याच्या आतलं टेंपरेचर म्हणजे खोलीचं अधिक वरचं जे काय वाढतं ते, फॅन तोच, स्पीड तोच, म्हणजे जानेवारीत गेम खेळताना ६८ वर असलेला सीपीयू मेमध्ये सरळ ८५ च्या वर. ५६०० ची मर्यादा ९० आहे, मग राहिलं काय हातात? तुमची आडवी रेघ माझ्यासाठी वर्षातले सहा महिने जास्त आवाज करते आणि तीन महिने कमी हवा देते. कर्व्ह असला की तो आपोआप निस्तरतो. त्यासाठीच तर बनवलाय बापा.

निवांत_नाना
भाऊ, मग दोन प्रोफाइल ठेव ना. बायोसमध्ये सेव्ह करायची सोय असते. होळीला एक लाव, दिवाळीला दुसरं. वर्षातून दोनदा डिलीट बटण दाबायला काही होत नाही. आणि तुझ्या खोलीत तो पत्र्याचा कूलर घरघरतोय, त्याच्यापुढे पीसीचा आवाज तुला ऐकू कसा येतो हेच मला कळत नाही 😄

डबिंगवाली_ताई
तुम्ही दोघं सीपीयूवरून भांडताय आणि डब्यातली निम्म्याहून जास्त उष्णता कोण देतंय ते कोणी बोलतच नाहीये. ५६०० कागदावर ६५ वॉटचा, बोर्ड त्याला फार तर ७६ देतो. माझं ग्राफिक्स कार्ड ३०६०, ते एकटं १७०. गेम किंवा रेंडर चालू असताना सीपीयू अर्धा झोपलेला आणि कार्ड भट्टी. आणि मदरबोर्डच्या हेडरला (फॅनची वायर लावायची जागा) कार्डचं टेंपरेचर बायोसमधून सहसा दिसतच नाही, म्हणून सगळे गप सीपीयूला बांधतात आणि मग म्हणतात कर्व्ह वाईट. कर्व्ह वाईट नाही हो नाना, बांधलाय तो चुकीच्या खुंटीला.

मी घरी रेकॉर्डिंग करते. माइक चालू केला की सीलिंग फॅन बंद, एसी बंद, मग जो काही आवाज राहतो तो पीसीचा. मी विंडोजवर फॅनकंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरते, त्यात मिक्स म्हणून प्रकार आहे, सीपीयू आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) दोन्हींचे कर्व्ह द्यायचे आणि जो जास्त येईल तो फॅनला जातो. कार्ड ५५ डिग्रीच्या खाली आहे तोवर फॅन ३० टक्के, ७५ ला ६५ टक्के, मधे सरळ चढ. आणि मुख्य गोष्ट, रिस्पॉन्स टाइम आणि हिस्टेरेसिस (टेंपरेचर किती वेळ आणि किती बदललं की फॅनने हलायचं ते) दोन्ही वाढवलेत, त्यामुळे टॅब उघडली म्हणून कोणी धावत नाही. नानांना जो वूंऽऽम खुपतो तो इथे होतच नाही. उतरताना तर अजून सावकाश उतरू द्यायचा.

निवांत_नाना
ताई, रेंडरवाल्यांचं आणि गेमवाल्यांचं मान्य, त्यांनी कार्डला बांधावा. पण माझं म्हणणं उरलेल्यांसाठी आहे, जे दिवसभर एक्सेल आणि यूट्यूब करतात. त्यांच्या कार्डाचे फॅन तर बंदच असतात, साधारण ५० डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत फिरतच नाहीत. तिथे केस फॅन ६०० वर एकसारखे फिरत ठेवले की थोडी हवा कार्डवरून जात राहते आणि कार्डाचे फॅन सुरू व्हायची वेळच येत नाही. काही हुशार लोक शांततेसाठी केस फॅनही पूर्ण बंद करतात आणि मग कार्ड दर दहा मिनिटांनी फुर्र करून उठतं. वर विचारतात आवाज कसला येतो.

टक्स_बापू
विंडोजचं सॉफ्टवेअर म्हणजे आलाच धोका. अपडेट आलं, सर्व्हिस सुरू झाली नाही, किंवा प्रोग्राम अडकला, की फॅन शेवटच्या स्पीडवर तसाच बसला. मी बायोसवाला माणूस. बायोसमध्ये पण स्टेप अप टाइम, स्मूदिंग असं काहीतरी नाव देऊन तोच उशीर असतो, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, शोधलं की सापडतं. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स आणि फॅनकंट्रोल नावाचे प्रोग्राम आहेत (ताईंचं ते वेगळं, नाव तेवढं सारखं), पण आधी बोर्डवरची फॅन सांभाळणारी चिप कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) ओळखता आली पाहिजे. नुवोटॉन कंपनीची असेल तर बहुतेक एनसीटी६७७५ ड्रायव्हरने काम होतं, आयटीईची नवी चिप निघाली तर बसा डोकं धरून.

डबिंगवाली_ताई
बापू, सीपीयूचा फॅन मी पण बायोसवरच ठेवलाय, सॉफ्टवेअरकडे फक्त केस फॅन. तो अडकला तरी होऊन होऊन काय होईल, कार्ड स्वतःचे फॅन वाढवेल, फारच झालं तर क्लॉक (स्वतःचा वेग) कमी करेल. जळून जायचे दिवस गेले.

ठाणे_लोकल
माफ करा पण मला हा अख्खा वाद श्रीमंतांचा वाटतो. डोक्यावर सीलिंग फॅन पाचवर, खाली रिक्षा, शेजारी मिक्सर. ६०० आरपीएम का ९०० याने कोणाला काय फरक पडतो?

वैदर्भीय_ऊन
पडतो ना भाऊ. सीलिंग फॅनचा आवाज पसरट असतो, वारा वाहिल्यासारखा. छोट्या फॅनचा एकाच सुरातला असतो, तो त्याच्यातून आरपार येतो. शिवाय दोन सारखे फॅन थोड्या वेगळ्या स्पीडवर असले की वंऽऊ वंऽऊ असं लाटेसारखं ऐकू येतं, ते रात्री एकदा कानात बसलं की झोप गेली. पुढच्या आणि मागच्या फॅनमध्ये मुद्दाम शंभरेक आरपीएमचा फरक ठेवला की बरंच जातं.

निवांत_नाना
बघा, हे परत माझ्याच बाजूचं झालं. प्रत्येक कॅबिनेटचा एखादा स्पीड असा असतो जिथे पत्राच गुणगुणायला लागतो. स्थिर ठेवला तर तो टाळता येतो. कर्व्हवाला फॅन दिवसातून पन्नास वेळा त्याच्यातून जाणार.

डबिंगवाली_ताई
तो भाग सपाट ठेवायचा नाना आणि पुढे एकदम उडी मारायची. कर्व्ह म्हणजे गुळगुळीतच पाहिजे असं कोणी सांगितलं?

टक्स_बापू
सगळे कर्व्ह काढत बसलेत, पिना कोणी मोजल्या का? अर्ध्या लोकांचा प्रॉब्लेम तिथेच असतो. तीन पिनचा फॅन आणि हेडर पीडब्ल्यूएम मोडवर, की त्याला कायम १२ व्होल्ट जाणार आणि तो कायम फुल स्पीडवर फिरणार, तुम्ही कर्व्ह कितीही ओढा. तिथे मोड डीसी करायचा म्हणजे व्होल्टेज कमीजास्त होतं. चार पिनचा असेल तर पीडब्ल्यूएम, व्होल्टेज १२ च राहतं, स्पीड चौथ्या पिनवरच्या सिग्नलने ठरतो. आणि डीसीवर फार खाली नेऊ नका, फिरता फॅन कमी व्होल्टवर फिरत राहतो पण थांबलेला सुरू व्हायला जास्त लागतात, सकाळी बटण दाबल्यावर तो तसाच उभा.

दुसरं, पुढचा पॅनल काढून पाच-दहा मिनिटं गेम चालवा. टेंपरेचर धाडकन पडलं तर दोष फॅनचा नाही, त्या बंद काचेचा किंवा कोंदलेल्या फिल्टरचा. फॅनला हवा ओढायला जागाच नाही, तो ओरडणारच. आपल्याकडची धूळ बघता फिल्टर वेळच्या वेळी धुतला तरी बरेच आरपीएम वाचतात.

ठाणे_लोकल
बरं हा माझ्या कामाचा मुद्दा. माझं कॅबिनेट आरजीबीवालं (रंगीत लाइटचं), फॅनची वायर सहा पिनची आहे, मदरबोर्डवर कुठे बसतच नाही, एका छोट्या डबीत जाते आणि डबी सरळ पॉवर सप्लायला. बायोसमध्ये एकही केस फॅन दिसत नाही. दुकानदार म्हणाला होता सगळं कंट्रोल होतं.

टक्स_बापू
त्याने लाइटचं सांगितलं असेल. ती सहा पिन कंपनीची स्वतःची, त्याच डबीवर चालणार. रिमोट मिळाला असेल तर त्यावर स्पीडचं बटण आहे का बघ. डबीतून मदरबोर्डला जाणारी चार पिनची वायर निघत असेल तर उत्तम, ती केस फॅनच्या हेडरला लाव, मग सगळे एकत्र कंट्रोल होतील. दोन्ही नसेल तर नुसते चार पिनचे साधे १२० मिमीचे दोन पुढे आणि एक मागे घे, लाइट नको.

ठाणे_लोकल
रिमोट आहे, बटण पण आहे. दाबलं तर फक्त रंग बदलतोय 😑

निवांत_नाना
मग घे तीन साधे. आणि घेतलेस की ४० टक्के, आडवी रेघ.

डबिंगवाली_ताई
नाना 🙏