चालती गाडी मोडीत काढायला सरकारने पैसे का द्यावेत?

प्रेषक: माजी खजिनदार
विषय: चालती गाडी मोडीत काढायला सरकारने पैसे का द्यावेत?

मंडळी,

परवा कार्यक्रम संपल्यावर पार्किंगमध्ये माझ्या गाडीची यथेच्छ थट्टा झाली. गाडी एकोणीस वर्षांची आहे आणि उजव्या दाराची काच हाताने ढकलून वर घ्यावी लागते, हे कबूल. पण "काका, सरकार पैसे देतं तेव्हा काढून टाका" हे तिघांनी तीनदा ऐकवलं, ते काही पचलं नाही.

चालती वस्तू मोडण्यासाठी माझ्याच करातून मला पैसे द्यायचे, ही कुठली काटकसर? 2009 ची इथली, म्हणजे अमेरिकेतली योजना आठवत असेल. जुनी, पेट्रोल पिणारी गाडी द्या, जास्त ॲव्हरेजची नवी घ्या, साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलर सूट. शेजाऱ्याची गाडी द्यायला मी सोबत गेलो होतो. ती पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून इंजिन मारून टाकायचं, असा नियम होता. मेकॅनिकने तेल काढलं, त्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतलं (पातळ काचच म्हणा) आणि इंजिन रेस करत ठेवलं. थोडा वेळ ते नेहमीसारखंच चाललं. मग आवाज जड होत गेला, आतून खडखड सुरू झाली आणि एका झटक्यात सगळं बंद. त्याने पुन्हा किल्ली फिरवली, तर नुसतं टक्. माझा शेजारी कोपऱ्यात उभा राहून फोनवर बोलत असल्याचं दाखवत होता.

ते इंजिन कुणाकडे तरी अजून दहा वर्षं चाललं असतं. नव्या गाडीचे पैसे ज्याच्याकडे नाहीत, त्याने सेकंडहँड आणायची कुठून?

पार्किंगमधला आरोपी

---

प्रेषक: ताई (हवेच्या प्रदूषणावर काम करणारी)
विषय: उत्तर: चालती गाडी मोडीत काढायला...

काका,

इंजिन मारताना बघवत नाही, खरंच. पण ते मारलं नसतं तर योजनाच फुकट गेली असती. जर्मनीतल्या त्याच वर्षीच्या योजनेत कागदावर मोडीत निघालेल्या काही गाड्या प्रत्यक्षात परदेशात विकल्या गेल्याच्या तक्रारी झाल्या. धूर तसाच, फक्त पत्ता बदलला! आणि सगळीच गाडी वाया जात नव्हती. दारं, सीट, आरसे विकायची मुभा होती. इंजिन मात्र नाही, आणि उरलेला सांगाडा 180 दिवसांत चिरडायचा.

सेकंडहँडचं म्हणाल, तर त्या योजनेत सुमारे पावणेसात लाख गाड्या गेल्या. अमेरिकेत एरवीसुद्धा वर्षाला एक कोटीहून जास्त गाड्या भंगारात निघतात. त्यामुळे गरिबाची गाडी सरकारने पळवली, असं मी म्हणणार नाही.

आता पर्यावरणाचा हिशोब. दिलेल्या गाड्यांचं सरासरी ॲव्हरेज गॅलनला 15.8 मैल होतं, घेतलेल्यांचं 24.9. वर्षाला बारा हजार मैल धरा. जुनीला 760 गॅलन लागतात, नवीला 482. एक गॅलन पेट्रोल जळलं की जवळजवळ नऊ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला अडीच टनांच्या आसपास वाचले. पण नवी गाडी तयार होतानाही कार्बन जातोच. तो सहा-सात टन धरला, तर पहिली अडीच-तीन वर्षं नुसतं ते कर्ज फेडण्यात गेली. आणि जुनी गाडी तशीही तीन वर्षांत बंद पडणार असेल, तर हातात काय आलं? जवळपास शून्य. ही बाजू जाहिरातीत कुणी सांगत नाही.

माझ्या मते अशा योजनेचा खरा फायदा आहे तो धुरात. नायट्रोजनची ऑक्साइडं, कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं पेट्रोल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) मेलेली किंवा इंजिन तेल पिणारी एक गाडी कितीतरी चांगल्या गाड्यांइतका धूर सोडते. रस्त्यावर अशा गाड्या थोड्याच असतात, पण हवेतला मोठा वाटा त्यांचा. त्या शोधून काढल्या तर पैसा सत्कारणी लागेल. 2009 मध्ये मात्र पंचवीस वर्षांपेक्षा जुनी गाडी पात्रच नव्हती! अट होती ती गॅलनला 18 किंवा त्याहून कमी मैलांची. म्हणून सगळ्यात जास्त आली ती फोर्ड एक्सप्लोरर, आणि सगळ्यात जास्त विकली गेली टोयोटा कोरोला. धुराचं नाव घेऊन पेट्रोलचं काम केलं.

---

प्रेषक: ईमेल लिस्टचा व्यवस्थापक
विषय: उत्तर: उत्तर: चालती गाडी...

उत्तर देताना मागची सगळी पत्रं खाली चिकटवू नयेत, ही नम्र विनंती. आणि काकांच्या गाडीला हसणाऱ्यांनी आधी ती चालू करून दाखवावी. मला जमलं नव्हतं.

---

प्रेषक: बर्लिनहून आलेला
विषय: उत्तर: उत्तर: चालती गाडी...

मध्येच तोंड घालतो. ताई, पेट्रोलचंही काम नव्हतं हो ते. मंदीत शोरूममध्ये पडून राहिलेल्या गाड्या खपवायच्या होत्या. पहिले एक अब्ज डॉलर आठवड्याभरात संपले, मग आणखी दोन अब्ज दिले, आणि 24 ऑगस्टला दुकान बंद.

आतिफ मियाँ आणि अमीर सूफी या दोन अर्थतज्ज्ञांनी नंतर त्याचा हिशोब मांडला. जुलै-ऑगस्टमध्ये साधारण 3 लाख 70 हजार गाड्या जास्तीच्या विकल्या गेल्या, पण मार्च 2010 पर्यंत विक्री तेवढीच घसरून जवळजवळ सगळी वाढ धुऊन निघाली. लोकांनी पुढची खरेदी अलीकडे ओढली, एवढंच. दुसऱ्या एका अभ्यासात आणखी गंमत दिसली. सूट मिळवण्यासाठी लोकांनी लहान, स्वस्त गाड्या घेतल्या, त्यामुळे नव्या गाड्यांवरचा एकूण खर्च उलट कमी झाला. बाजारात पैसा यावा म्हणून काढलेली योजना!

बर्लिनमध्ये हेच जवळून पाहिलं. गाडी किमान नऊ वर्षांची असली की 2500 युरो. दीड अब्जांची तरतूद पाच अब्जांवर गेली, सुमारे वीस लाख गाड्या गेल्या, सप्टेंबरात पैसे संपले. सरकारी नाव होतं 'पर्यावरण बक्षीस'. लोक सरळ 'मोडीचं बक्षीस' म्हणायचे, आणि तोच त्या साली तिथला वर्षाचा शब्द ठरला. नवी गाडी किती पेट्रोल खाते हे कुणी विचारलंच नाही.

भारताचं 2021 चं धोरण मला त्या मानाने बरं वाटतं. खाजगी गाडीची वीस वर्षांनी फिटनेस चाचणी, व्यावसायिक गाडीची पंधरा वर्षांनी. मोडीत दिली की प्रमाणपत्र, त्यावर नव्या खाजगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये 25 टक्क्यांपर्यंत सवलत. निदान कागदावर तरी गाडी कशी आहे हे आधी बघायचं, नुसती जन्मतारीख नाही. चाचणी केंद्रं पुरेशी आणि प्रामाणिक हवीत, हे आलंच.

---

प्रेषक: ताई
विषय: उत्तर: उत्तर: चालती गाडी...

मान्य. मी असते तर वय विचारलंच नसतं. दोनच प्रश्न: चाचणीत धूर किती, आणि वर्षाला मैल किती? घरात उभी असलेली जुनी गाडी कुणाचं काही बिघडवत नाही. तिला पैसे देणं म्हणजे ज्याने धूर सोडलाच नाही त्याला धूर न सोडल्याबद्दल बक्षीस.

काका, तुमची किती चालते?

---

प्रेषक: माजी खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: चालती गाडी...

वर्षाला अडीच हजार मैल, ॲव्हरेज 24. धुराच्या चाचणीत दर वेळी पास. गॅलनला 35 मैल देणारी नवी घेतली तर वर्षाला सुमारे तेहेतीस गॅलन वाचतील. ताईच्या रीतीने मांडलं तर वर्षाला तीनशे किलोसुद्धा नाही, म्हणजे नव्या गाडीचं कार्बनचं कर्ज फिटायला वीसहून जास्त वर्षं. तेव्हा मी शंभरीत असेन.

पण ताईचा तो धुराचा परिच्छेद वाचून माझा भाचा आठवला. त्याच्या जुन्या पिकअपच्या मागे लाल सिग्नलला उभं राहिलं की मागची गाडी काचा वर घेते. रोज साठ मैल जातो. त्याला ही सगळी पत्रं पाठवली. ताईचं पत्र तर दोनदा वाच म्हणून सांगितलं.

एका ओळीत उत्तर आलं: "मामा, किती देतायत?"